कोणती कुठची

लाइनमनच्या घरी झाडं विकत येत नाहीत.
ज्या घरची लाइट गेली, त्या घरच्या अंगणातून येतात,
ओल्या चिंधीत गुंडाळून,
पक्कड आणि टेस्टरच्या थैलीत, मातीसकट.

पहिली सेलूची.
डीपी जळाला होता, तीन रात्री अंधारात काढलेल्या
हेडमास्तरीणबाईंनी चहा दिला नि वर हे.
मी म्हटलं, कांदा दिसतो कसला तरी.
"कांदा नाही म्हणाल्या बाई, मुळ्यांचा जुडगा आहे,
डे लिली म्हणतात. एक फूल, एकच दिवस."
मोसंबीच्या फोडीसारखं पिवळं, सहा पाकळ्या, मधे हिरवट घसा.

मग लागलंच वेड.
हमदापूरची आली, सिंदीची आली,
दोन्ही पिवळ्या, पण सिंदीची जरा केशरीकडे झुकलेली,
हमदापूरची उंच, उगाच मान वर करून बघणारी.
गिरडची वाळल्या मिरचीच्या रंगाची,
तिला बाराचं ऊन सोसत नाही, कडा काळ्या पडतात,
म्हणून ती कूलरमागे.
टपातलं पाणी ठिबकतं, सेहेचाळीस डिग्रीतही
तिच्या पायाशी पावसाळा.
वायगावची म्हटलं की लोकांना वाटतं हळदीसारखी असेल.
ती गुलाबी आहे, काय करणार.
देवळीची दुहेरी, फुलात फूल,
एकावर एक दोन लुगडी नेसल्यासारखी,
पाणी पडलं की ओझ्यानं आडवी होते.
आणि एक आहे संध्याकाळी उमलणारी, वासाची,
ती कुठची ते यांनाच आठवत नाही.
त्या दिवशी वादळात अकरा खांब पडले होते म्हणे.

आमची काळी माती पाणी धरून बसते, मुळ्या सडतात,
म्हणून मी मुरूम टाकला, वाफे हातभर उंच केले,
दर तिसऱ्या हिवाळ्यात सबलीनं जुडगे फोडले,
अर्धे लावले, अर्धे वाटले.
शेजारच्या गिरजाबाईनं कळ्या बेसनात घोळून तळल्या,
मी आठ दिवस बोलले नाही तिच्याशी.
नवव्या दिवशी तिनं वाटीभर आणून दिल्या. चांगल्या लागतात.

मागच्या वैशाखात अंकुश भोयर आला,
अकोल्याला शेतीचं शिकलेला, भाच्याचा दोस्त.
पाकळ्या मोजल्या, पानं मोजली, मोबाइलवर फोटो लावून पाहिले,
आणि संकोचून म्हणाला,
"काका, सेलूची, हमदापूरची अन् सिंदीची, तिन्ही एकच जात आहे.
माती-पाण्यानं फरक पडला असंल."

हे काही बोलले नाहीत.
जेवताना पोळी उलटसुलट करत राहिले.
मग एकदम, "म्हंजे एकच झाड मी तीनदा आणलं?
छत्तीस किलोमीटर, सायकलवर?"

मी ताटात भाजी वाढत म्हटलं,
"अन् करंट कोणता तीन गावात तीन तऱ्हेचा व्हता?"

हसले नाहीत. पण पोळी खाल्ली.

खरं तर माझा हिशेब वेगळाच आहे.
बावीस वर्षं हे सहाला घर सोडायचे, फूल उमलायचं सातला.
परत यायचे तेव्हा ते मिटून
खिशातल्या ओल्या रुमालासारखं झालेलं.
सगळी झाडं यांनी आणली, एक फूल उघडं पाहिलं नाही.
मी फोनवर सांगायचे, आज गिरडच्या दोन, देवळीची एक.
पलीकडून वारा, तारांचा आवाज,
"बरं. ठेवतो. खांबावर आहे."

आता रिटायर झालेत. प्लास्टिकची खुर्ची घेऊन
साडेसहालाच वाफ्यासमोर बसतात, चहा गार होईपर्यंत.
मी कालची लोंबती फुलं खुडत पुढे सरकते.
"हे पाय," म्हणतात,
"हमदापूरची आज सेलूचीपेक्षा पिवळी आहे."

मी वाकून बघते. आहे खरी.